तीन महिने गायींना मेलेलं यीस्ट चारलं त्याची गोष्ट

मागच्या उन्हाळ्याआधीच्या मार्चमधली गोष्ट. डेअरीवर सकाळची रांग, माझा नंबर आला, मशीनवर फॅट लागली 3.1. मी म्हणलं परत लावा, परत लावली, 3.1. संध्याकाळी 3.2. ज्यांचं दूध डेअरीला जातं त्यांना सांगायला नको, 3.5 च्या खाली गेलं की पॉइंटाला पैसे कापतात आणि महिन्याच्या बिलात ते बरोबर दिसतं. आमच्याकडे तेव्हा 12 दुभत्या होत्या, सगळ्या एचएफ (होल्स्टिन, जास्त दुधाची विदेशी जात). दूध बऱ्यापैकी, पण फॅट नाही, शेण पातळ आणि त्यात बुडबुडे, मक्याचे दाणे जसेच्या तसे बाहेर. दुपारी गोठ्यात गेलं की निम्म्या गायी नुसत्या उभ्या, धापा टाकतायत, रवंथ करणारी एखादीच.

मी पहिल्यांदा काय केलं असेल तर खुराक, म्हणजे भरडा-पेंड, वाढवला. दूध देतेय म्हणजे खायला पायजे, असं साधं गणित. फॅट अजून उतरली.

मग नेहमीचं. दुकानदाराने एक डबा काढला, म्हणला हे यीस्ट आहे, रोज 10 ग्रॅम एका गायीला, पंधरा दिवसात फरक. डब्यावर बारीक अक्षरात सॅकरोमायसिस सेरेव्हिसी असं लिहिलेलं. घरी आणला, आबांनी विचारलं काय आहे, मी म्हणलं एक प्रकारची बुरशीच आहे पण चांगली. आबा डब्याकडे बघतच राहिले. म्हणले, "आजपर्यंत बुरशी लागली म्हणून पेंड खड्ड्यात टाकली, आता पैसे देऊन बुरशी आणायची?"

आता ह्यात आबांची काय चूक नाही. आमच्या आजीचा नियमच होता, पावसाळ्यात पोत्याला वास आला, ढेकूळ झालं की ते पोतं गोठ्यात जायचं नाही, उकिरड्यात पण नाही कारण तिथं कोंबड्या जातात, थेट खड्डा. आजीला अफ्लाटॉक्सिन शब्द माहिती असण्याचं कारण नव्हतं. हा शब्दच 1960 नंतरचा, इंग्लंडमध्ये त्या वर्षी लाखभर टर्की पक्षी मेले, कारण कळेना म्हणून रोगाचं नाव टर्की एक्स ठेवलं आणि शेवटी ब्राझीलवरून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली, तिच्या नावावरून विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. आणि लांब कशाला, 1974 ला आपल्या शेजारी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात आदिवासी कुटुंबांनी बुरशी लागलेला मका खाल्ला, शंभरावर माणसं गेली. म्हणजे बुरशी म्हणलं की घाबरायचं हे शहाणपणच आहे.

पण दुसरी बाजू पण आपल्याच घरातली आहे. डब्यातलं यीस्ट म्हणजे तेच जे पावात असतं, आणि आमच्या भागात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवायला वापरतात ते. एका पेशीची बुरशी, बस. आपण गायीला जे देतो त्याला आंबोण म्हणतो, त्या शब्दात आंबणं ऐकू येतंच की. मी आबांना हे ऐकवलं तर म्हणले शब्दाने फॅट वाढत असती तर कशाला.

तर सुरू केलं. रोज पुडी, रोज आंबोणात, एक दिवस खाडा नाही. एप्रिल गेला, मे गेला, जून आला. फॅट कधी 3.2, कधी 3.1, एकदा 3.3 लागली तर मी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, आता आठवलं की लाज वाटते. जूनच्या शेवटी डॉक्टर एका गायीच्या खुरासाठी आले, ती लंगडत होती, तेव्हा मी सहज म्हणलं हे यीस्ट काय कामाचं नाय डॉक्टर, तीन महिने झाले. त्यांनी डबा बघितला, म्हणले माल तर ठीक आहे, देतोस कसा? म्हणलं आंबोणात. आंबोण गार की गरम? आणि तिथं माझी ट्यूब पेटली.

आमच्याकडे सरकी आणि भरडा शिजवून घालायची पद्धत. आई पहाटे चुलीवर मोठं भगुनं चढवते, वाफ निघत असते तोवर मी पुडी टाकून काठीने ढवळायचो, नीट मिसळावं म्हणून जास्तच ढवळायचो. जिवंत यीस्ट पन्नास-साठ डिग्रीच्या वर टिकत नाही. डब्यावर ग्रॅमला 1000 कोटी जिवंत पेशी असं लिहिलेलं, त्या सगळ्या मी रोज पहाटे साडेचारला स्वतःच्या हाताने उकडत होतो. तीन महिने. 12 गायी. डॉक्टर हसले नाहीत हे त्यांचे उपकार, आबा मात्र आठवडाभर हसत होते.

(हीच अडचण गोळी पेंडीत पण असते. कारखान्यात गोळी बनताना वाफेने माल 70-80 डिग्रीला जातो, त्यामुळे साधं जिवंत यीस्ट आधी मिसळलं तर बरंचसं मरतं, म्हणून काही कंपन्या त्यावर आवरण चढवतात. पोत्यावर यीस्ट लिहिलंय म्हणजे आत जिवंत असेलच असं नाही.)

आता हे काम कसं करतं ते मी डॉक्टरांकडून, आणि नंतर वाचून, जेवढं समजलं तेवढं सांगतो कारण ते समजल्याशिवाय कधी द्यायचं आणि कधी नाही हे कळत नाही. गायीच्या कोठीपोटात (पहिलं, सगळ्यात मोठं पोट) जे जिवाणू चारा पचवतात त्यांना ऑक्सिजन चालत नाही. पण प्रत्येक घासाबरोबर, पाण्याबरोबर थोडी हवा आत जातेच. यीस्ट ती हवा खाऊन टाकतं. दुसरं, आपण भरडा-पेंड जास्त घातली की पोटात लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, ते अ‍ॅसिड खाणारे पण जिवाणू असतात आणि यीस्टमुळे त्यांना जोर येतो. पोटाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं पोट आंबट) 6 च्या आसपास किंवा वर राहिला तर काडी-कुट्टी पचवणारे जगतात, साडेपाचकडे गेला की ते गळपटतात. आणि काडी पचली की जे अ‍ॅसिटेट तयार होतं त्यातून गाय दुधातली बरीच फॅट बनवते. म्हणजे माझी फॅट का पडली होती ते आता लागलं का? मी खुराक वाढवून वाढवून पोट आंबट करत होतो. शेणातले बुडबुडे, लंगडणारी गाय, रवंथ बंद, सगळं एकाच गोष्टीचं लक्षण.

उन्हाळ्यात हे जास्त का होतं तर त्याचं उत्तर मला फार आवडलं. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते, त्या लाळेत सोडा असतो, आपण देतो तोच खायचा सोडा समजा, ती लाळ पोटात जाऊन अ‍ॅसिड मारते. ही लाळ जास्त येते रवंथ करताना. उन्हाने गाय धापा टाकायला लागली की रवंथ कमी, तोंडातून लाळ खाली गळते ती वायाच, आणि धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो म्हणून शरीराला सोडा जपायला जमत नाही. वर दुपारचा चारा गाय खात नाही आणि रात्री गार झालं की खुराकावर तुटून पडते. म्हणजे सगळ्या बाजूने पोट आंबटच होणार.

आपल्या गावठी गायीला हा त्रास नव्हता कारण तिला कोण दिवसाला आठ-दहा किलो खुराक घालत होतं. 1967 ला मणिभाई देसाईंनी उरळी कांचनला बायफ ही संस्था सुरू केली आणि मग संकरित गायी गावोगाव पोचल्या, त्याने आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली ह्यात वादच नाही, पण गायीची कास मोठी झाली तरी कोठीपोटातले जिवाणू तेच राहिले. ते काडी खाणारेच.

जुलैपासून मी बदललं. पुडी गार आंबोणात, किंवा मूठभर कोरड्या भरड्यात कालवून गव्हाणीत वरून. रोज, कारण यीस्ट पोटात घर करून राहत नाही, दोन-तीन दिवसात निघून जातं. सोबत खुराक दोन ऐवजी तीन वेळा विभागला, कडब्याची कुट्टी जरा लांब ठेवली, आणि खायचा सोडा. पाच आठवड्यात फॅट 3.5 ला आली, नंतर 3.6. दूध गायीमागे अर्धा लिटर वाढलं असेल. आता ह्यातलं यीस्टचं किती आणि कुट्टीचं किती? मला सांगता येणार नाही, चार गोष्टी एकदम बदलल्यावर कोणालाच सांगता येत नाही, आणि जो दुकानदार "बघा आमच्या पावडरने" म्हणतो त्याला पण नाही. शास्त्रज्ञांनी कितीतरी प्रयोग एकत्र करून हिशोब काढलेत त्यात यीस्टने गायीमागे दिवसाला सरासरी लिटरभराच्या आसपास दूध वाढतं असं दिसतं, कधी त्याहून कमी. तीन-चार लिटर वाढेल असं कोणी सांगितलं तर चहा पाजून रवाना करा. माझा खर्च गायीला दिवसाला 9 रुपये पडत होता, लिटरला 28 मिळत असताना अर्धा लिटर जरी वाढलं तरी सुटतं, फॅटचे कापलेले पैसे वाचले ते वेगळे. आटलेल्या गाईंना मी देत नाही. हिवाळ्यात पण बंद.

एक गोंधळ मिटवतो, कारण ग्रुपवर सारखं विचारतात. यीस्टच्या नावाखाली दोन वेगळे माल मिळतात. एक जिवंत यीस्ट, त्याच्या डब्यावर ग्रॅममध्ये किती पेशी (सीएफयू) ते लिहिलेलं असतं आणि डोस 5-10 ग्रॅम. दुसरं यीस्ट कल्चर, ह्यात यीस्टला धान्याच्या मालावर आंबवतात आणि मग यीस्ट, तो माल, आंबताना तयार झालेली जीवनसत्त्वं, आम्लं सगळं एकत्र वाळवतात. ह्यात जिवंत पेशी मोजायच्या नसतात, उपयोग त्या आंबलेल्या रसाचा असतो, डोस जास्त असतो आणि उष्णतेचं एवढं भय नाही. अमेरिकेत आयोवातल्या सीडर रॅपिड्सची एक कंपनी 1943 पासून हेच विकतेय, म्हणजे हे काय परवा निघालेलं फॅड नाही. माझ्या आईचं भगुनं बघता मी पहिल्यापासून कल्चर घ्यायला पायजे होतं. पण दुकानदाराला हे माहितीच नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी. नाव बघून दचकायला होतं कारण अफ्लाटॉक्सिनवाल्या फ्लेव्हसची ही सख्खी नातेवाईक. पण जपानी लोकांनी ही शेकडो वर्षं माणसाळवलीय, भातावर वाढवून त्याची कोजी करतात, सोया सॉस, मिसो, साके सगळं त्यावर, आणि विष करायची खोड हिच्यात राहिलेली नाही. जोकिची ताकामिने म्हणून एक जपानी माणूस होता, तो हे घेऊन अमेरिकेत गेला, पिओरिया गावात कोजीने व्हिस्की बनवायचा घाट घातला, 1891 ला तिथं आग लागून सगळं जळालं. मग त्याने हीच बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून त्यातून पचनाचं एन्झाइम काढलं आणि 1894 ला पेटंट घेतलं, ताकाडायस्टेज. गव्हाचा कोंडा! जो आपण पोत्याने आणून गायीला घालतो. आज पण पशुखाद्यातली काही एन्झाइम अशीच कोंड्यावर बुरशी वाढवून काढतात.

ह्याच्यात मजा म्हणजे गायीच्या पोटात बुरशी आधीपासूनच आहे. 1975 पर्यंत शास्त्रज्ञांना वाटायचं की बिगर ऑक्सिजनची बुरशी असूच शकत नाही, आणि कोठीपोटातल्या पाण्यात जे शेपटीवाले बारीक जीव पोहताना दिसायचे त्यांना ते प्रोटोझोआ (एका पेशीचे प्राणी) समजायचे. इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन नावाच्या माणसाने मेंढीच्या पोटातलं पाणी तपासून दाखवलं की ती बुरशीची पोहणारी पिल्लं आहेत, ती जाऊन काडीला चिकटतात आणि मुळ्या घालून काडी आतून फोडतात. निओकॅलिमॅस्टिक्स असं नाव. आबांना सांगितलं. म्हणले, मग ती फुकटची आहे ना, तिलाच सांभाळ की.

आमच्या मावशीच्या मुलाची पोल्ट्री आहे, करारावरची, 6000 पक्षी. त्याला मी हे सगळं ऐकवलं तर तो म्हणला आमच्यात काय विचारू नको, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मी फक्त लाइट बिल भरतो आणि मर मोजतो. पण त्याच्या खाद्यात बुरशीचा माल माझ्यापेक्षा जास्त आहे, त्यालाच पत्ता नव्हता. मका-सोयाबीनमधला दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या कुलपात असतो, गायीच्या पोटातले जिवाणू ते कुलूप उघडतात पण कोंबडीला जमत नाही, तो सगळा विष्ठेतून बाहेर. म्हणून फायटेज एन्झाइम घालतात. अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशीचं हे एन्झाइम 1991 ला युरोपात बाजारात आलं, तेव्हा हॉलंडमध्ये कोंबड्या-डुकरांच्या खताने जमिनीत फॉस्फरस साठून सरकार वैतागलं होतं. आता त्यामुळे खाद्यात डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ती पावडर) कमी घालावं लागतं, कंपनीचे पैसे वाचतात. झायलनेज हे दुसरं, कोंबडीला न पचणारा धान्यातला चिकट भाग तोडतं, त्यामुळे लिटर (शेडमध्ये पक्ष्यांखाली पसरलेला भुसा) कमी ओलं होतं, त्याचं बरंचसं ट्रायकोडर्मा रीसीपासून येतं. ही बुरशी कुठं सापडली माहितीय का, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर, अमेरिकन सैन्याचे सुती तंबू खात होती! आपण ट्रायकोडर्मा शेतात मर रोगाला टाकतो त्याच घराण्यातली.

आणि अँटिबायोटिकचा विषय इथंच येतो. कोंबडीला वाढीसाठी अँटिबायोटिक घालायची सुरुवात पण आंबवणातूनच झाली. 1948 च्या सुमाराला अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि मंडळी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा पिल्लांना घालत होते, बी-12 साठी, आणि पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. (ऑरिओमायसिन बनवणारा जीव बुरशीसारखा दिसतो पण जिवाणू आहे.) मग पन्नास वर्षं जगभर तेच. स्वीडनने 1986 ला बंद केलं, युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2006 पासून, आपल्याकडे 2019 ला कोलिस्टिन जनावरांना द्यायला बंदी आली कारण दवाखान्यात शेवटचं औषध म्हणून तेच ठेवलेलं असतं. त्या रिकाम्या जागेत आता हे सगळे बुरशीवाले माल घुसलेत. यीस्टच्या पेशीच्या भिंतीत मॅनन नावाची साखर असते, ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याला ज्या आकड्याने लटकतात तो आकडा ह्या मॅननला अडकतो आणि जंतू विष्ठेबरोबर बाहेर. मारत नाही, नुसतं हात सोडवून नेतं, म्हणून ज्या शेडमध्ये पाणी घाण, लिटर ओलं, तिथं ह्याच्याकडून अँटिबायोटिकसारखी अपेक्षा केली की निराशा ठरलेली. मावसभावाने एवढं ऐकून विचारलं, मग एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य लागतं तो हिशोब) किती सुधारतो ते सांग. म्हणलं तुझ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ कधी धुतलंस ते आधी सांग.

आता जे खरं मला लिहायचं होतं ते. पुडीतल्या यीस्टवर मी एवढा खर्च करत होतो आणि मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) बॅगेत फुकटचं जंगली यीस्ट माझंच नुकसान करत होतं. उंदराने बॅगेला भोक पाडलं, हवा आत गेली, हवा मिळाली की जंगली यीस्ट मुरघासातलं लॅक्टिक अ‍ॅसिड खायला लागतं, ते खाल्लं की मुरघास गरम होतो, आंबटपणा जातो आणि मग मागून केसाळ बुरशी येते. हात घातला तर चटका बसेल एवढा गरम मुरघास मी "अजून आंबतोय" समजून घालत होतो. म्हणजे पोटात अ‍ॅसिड खाणारे पाहिजेत म्हणून मी पैसे मोजतोय आणि बॅगेत अ‍ॅसिड खाणाऱ्यांना मोकळं रान.

कडेचा पांढरा-हिरवा थर मी काढून टाकायचो, पण तो आटलेल्या गाईंना. डॉक्टर त्याच्यावरून मात्र बोलले. आणि पेंडीचं वेगळं, पावसाळ्यात सरकी पेंड आणि भिजलेला मका हे अफ्लाटॉक्सिनचं माहेरघर. आज गायीने खाल्लं की उद्याच्या दुधात उतरतं, एम-1 नावाने, खाणं बंद केलं की तीन-चार दिवसात जातं. दूध उकळून ते जात नाही. आपल्याकडे मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि एफएसएसएआय ह्या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2018 ला देशभरातले 6432 नमुने तपासले त्यात 368 मध्ये ती ओलांडलेली. सगळा देश दुधात युरिया-डिटर्जंट शोधत होता आणि सापडलं हे, थेट आपल्या गव्हाणीतून आलेलं. ह्यावर पण यीस्टचा टॉक्सिन बाइंडर म्हणून पुडी मिळते. यीस्टची भिंत काही विषं पकडते, झिआरालेनोनसारखी, पण अफ्लाटॉक्सिनसाठी बेंटोनाइट माती जास्त बरी, आणि ती स्वस्त पण पडते. ज्या दुकानदाराला फरक माहिती नाही तो महाग असलेलंच देणार.

मी आता डबा घेताना तीनच गोष्टी बघतो, बुरशीचं पूर्ण नाव, पेशींचा आकडा, तारीख. जिवंत यीस्ट उन्हात पत्र्याच्या दुकानात सहा महिने पडलेलं असेल तर आईच्या भगुन्याने करायचं काम त्या पत्र्याने आधीच केलेलं असतं.

परवा नवीन बॅग उघडली. आबा स्वतः आले, हात कोपरापर्यंत आत घातला, वास घेतला, गार आहे म्हणले. एका कोपऱ्यात मुठीएवढं पांढरं होतं, ते त्यांनी फावड्याने काढलं आणि लांब शेवग्यापलीकडे जाऊन पुरून आले, कोंबड्या जातात म्हणून.